झडप मिटली पाहिजे

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



गाडीची ताकद वाढवायची म्हटलं, की चारातली तीन माणसं एकच उत्तर देतात : टर्बो मोठा टाका. चौथा जरा जाणकार असतो. तो म्हणतो, इंधन जास्त सोडा आणि कॉम्प्युटरचा मॅप बदला. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. कारण आत काय घालायचं एवढंच ती सांगतात. आत घातलेलं कोंडून कोण धरणार, हे कुणी विचारत नाही. इंजिनात ते काम करणारी एक वस्तू जेमतेम अंगठ्याएवढी असते. तिला वॉल स्प्रिंग म्हणतात. आज मला तिच्याविषयी आणि ती जिथे बसते त्या सिलिंडर हेडविषयी बोलायचं आहे.

एका कवीनं यंत्रावर का बोलावं, असं तुमच्या मनात येईल. आमचं घर मिस्त्र्यांचं. अब्बा ट्रकची इंजिनं बांधायचे, धाकटा भाऊ आजही गॅरेज चालवतो. मी बी.ए. झालो आणि शब्दांच्या नादाला लागलो. पण लहानपणी ग्राइंडिंग पेस्टनं माझीही बोटं करडी झालेली आहेत. आणि खरं सांगायचं तर गॅरेजमध्ये आणि कवितेत मला फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे एखादी बारीक गोष्ट ढिली राहिली, की सगळा डोलारा खडखडतो.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात, सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतात. या सिलिंडरांवर जे झाकण बसतं ते हेड. झाकण म्हटलं तरी ते साधं झाकण नव्हे. हवा आत यायची वाट त्यातच, धूर बाहेर जायची वाट त्यातच, आणि त्या वाटांवरची दारंही त्यातच. ही दारं म्हणजे झडपा. आमचे मिस्त्री लोक त्यांना ‘वॉल’ म्हणतात. खिळ्यासारखी लांब दांडी आणि खाली छत्रीसारखं पसरट डोकं, असा झडपेचा आकार. आत येणाऱ्या हवेसाठी इनलेट, बाहेर जाणाऱ्या धुरासाठी एक्झॉस्ट.

झडप उघडते कशी? वर फिरणाऱ्या कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा आला, की तो झडपेला खाली ढकलतो. झडप उघडते. हे काम जबरदस्तीचं आहे. कॅमनं ढकललं की झडपेला उघडावंच लागतं. पण मिटताना तिला कुणी ओढत नाही. कॅमचा उंचवटा नुसता बाजूला सरतो. झडपेला परत जागेवर आणायचं काम एकट्या स्प्रिंगचं असतं. म्हणजे उघडणं सक्तीचं आणि मिटणं स्प्रिंगच्या भरवशावर.

गझल लिहिणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. शेराची पहिली ओळ, उला मिसरा, सुचून जातो. खरी कसोटी दुसऱ्या ओळीची, सानी मिसऱ्याची. पहिलीनं जे उघडलं, ते दुसरीनं नेमक्या जागी आणून मिटवायचं असतं. तिथेच बहुतेक शेर पडतात आणि तिथेच बहुतेक इंजिनंही पडतात.

आता वेगाचा हिशेब पाहा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे झडप एकदा उघडते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर एकेक झडप मिनिटाला ३००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडते आणि मिटते. गाडी आयुष्यात २ लाख किलोमीटर धावली, सरासरी वेग ताशी ४० आणि सरासरी फेरे २००० धरले, तर एकेका स्प्रिंगनं ३० कोटी वेळा दबून परत उसळायचं असतं. तेही उकळत्या तेलात आणि एकदाही न चुकता. म्हणून या स्प्रिंगची तार साध्या लोखंडाची नसते. सिलिकॉन, क्रोमियम, व्हॅनेडियम असं काहीबाही घातलेलं निवडक पोलाद लागतं. तारेत केसाएवढा दोष असला, तरी तिथून तडा सुरू होतो. तो लांबवण्यासाठी तारेच्या पृष्ठभागावर बारीक छऱ्यांचा मारा करून तिची कातडी घट्ट केलेली असते.

फेरे वाढले की काय होतं? झडपेला तितक्याच वाटेवरून कमी वेळात परत आणायचं असतं. त्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६८०० फेऱ्यांचं इंजिन ८५०० वर नेलं, तर फेरे पाव पटीनं वाढले. स्प्रिंगवरची मागणी मात्र दीडपटीच्या पुढे गेली. स्प्रिंगला ते झेपलं नाही, तर कॅम पुढे निघून जातो आणि झडप मागे अधांतरी तरंगत राहते. इंग्रजीत याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. मग ती उशिरा येऊन आदळते, उसळते, पुन्हा आदळते. तेवढ्यात पिस्टन वर आलेला असतो. दोघांची गाठ पडली, की झडप वाकते, पिस्टनला भोक पडतं, आणि लाखाचं इंजिन भंगारात जातं.

यात एक दुखणं आणखी बारीक आहे. स्प्रिंग ही नुसती दबणारी वस्तू नाही. तिच्या वेटोळ्यांमधून लाट धावते. दोरीला झटका दिला की लाट टोकापर्यंत जाते ना, तशी. एका ठरावीक वेगाला ही लाट आणि कॅमचा ठोका यांची लय जुळते. मग स्प्रिंग आपल्याच तालावर थरथरू लागते आणि तिचा जोर निम्म्या वाटेतच हरवतो. यावर उपाय म्हणून एकात एक अशा दोन स्प्रिंगा बसवतात. दोघींची वेटोळी उलटसुलट दिशांना असतात, म्हणजे ती एकमेकींत अडकत नाहीत. दोघींची लय वेगळी, त्यामुळे एक थरथरली तर दुसरी सावरते. दुसरा उपाय मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, वर निमुळत्या होत गेलेल्या स्प्रिंगचा. तिची सगळी वेटोळी एका मापाची नसतात, म्हणून सगळ्यांची लय एकदम जुळत नाही. शिवाय वरची टोपी लहान लागते, तेवढं हलणारं वजन कमी होतं.

आता टर्बोकडे येऊ. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्यानं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. नळीतून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसनं कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या डोंगरावर, सुमारे १४ हजार फुटांवर इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. विरळ हवेत गुदमरणाऱ्या विमानाच्या इंजिनाला टर्बोनं श्वास मिळतो, हे तिथे दिसलं. पुढे टर्बो ट्रकमध्ये आला, मोटारीत आला, आणि आज आपल्याकडे एक-सव्वा लिटरच्या लहान पेट्रोल गाड्यांतही तो सर्रास असतो. म्हणजे हा विषय आता फक्त शर्यतवाल्यांचा राहिलेला नाही. तो तुमच्या दारातल्या गाडीचाही आहे.

टर्बो आला की हेडवर तीन नवी ओझी पडतात.

पहिलं ओझं दाबाचं. ८६ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. त्याचं क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटिमीटर. आत पेट घेतल्यावर दाब १०० बारपर्यंत चढला, तर हेडला वर उचलू पाहणारा जोर एकेका सिलिंडरमागे जवळजवळ सहा टन होतो. हा जोर बोल्टनी धरायचा असतो. बोल्ट केसभर ताणले, की हेड केसभर उचललं जातं आणि मधलं गॅस्केट उडतं. ‘हेड गॅस्केट गेलं, पाणी तेलात आलं’ हे वाक्य आपण गॅरेजमध्ये ऐकतो, त्यामागे पुष्कळदा हीच कथा असते.

दुसरं ओझं उष्णतेचं. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरावर असताना बाहेर पडणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. एक्झॉस्ट झडप त्या ज्वाळेत उभी असते. तिला थंड व्हायची मोठी संधी एकाच वेळी मिळते, ती म्हणजे मिटून आपल्या सीटवर बसलेली असताना. तेव्हाच तिच्या अंगातली बरीचशी उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. ती नीट बसली नाही, की गरम राहते. गरम राहिली, की कडेनं जळते. कड जळली, की आणखीच नीट बसत नाही. मिस्त्री म्हणतो, ‘वॉल जळला.’ १९२० च्या दशकात अमेरिकेत काम करणाऱ्या सॅम हेरॉन या अभियंत्यानं यावर सुरेख उपाय पुढे आणला. झडपेची दांडी पोकळ करायची आणि तिच्यात थोडा सोडियम भरायचा. ९८ अंशाला सोडियम वितळतो आणि झडपेबरोबर वरखाली हिंदकळत डोक्याची उष्णता दांडीकडे वाहून नेतो. १९२७ मध्ये लिंडबर्ग एकट्यानं अटलांटिक ओलांडून गेला, त्याच्या विमानाच्या इंजिनात अशा झडपा होत्या. आजही जोरदार टर्बो इंजिनांत त्या वापरतात, किंवा मग निकेलच्या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या झडपा.

तिसरं ओझं खुद्द स्प्रिंगवर. टर्बोचं चक्र धुराची वाट अडवून उभं असतं, म्हणून त्याच्या अलीकडे धूर तुंबतो. लहान टर्बोला कुवतीबाहेर राबवलं, तर तुंबलेल्या धुराचा दाब आत येणाऱ्या हवेच्या दाबापेक्षाही बराच वर जातो. शेजारच्या सिलिंडरातून धुराचा ठोका आला, की तो मिटलेल्या एक्झॉस्ट झडपेच्या पाठीवर रेटा देतो. २९ मिलिमीटरची झडप आणि दीड बारचा फरक धरला, तर हा रेटा सुमारे १० किलोंचा होतो. साध्या मोटारीच्या स्प्रिंगचा मिटलेल्या अवस्थेतला जोर साधारण वीस-तीस किलोंच्या घरात. म्हणजे तिची बरीचशी पकड आधीच खर्च झाली. उरलेल्यात तिनं उसळी आवरायची, वेळ सांभाळायची आणि झडप घट्ट दाबून ठेवायची.

एक खरं उदाहरण घेऊ. टोयोटाचं २जेझेड-जीटीई हे इंजिन. सहा सिलिंडर एका रांगेत, २९९७ सीसी, २४ झडपा, दोन टर्बो. १९९१ मध्ये ते जपानात ॲरिस्टो गाडीत आलं आणि १९९३ पासून सुप्रात. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या सिनेमातली नारिंगी सुप्रा आपल्याकडच्या पोरांनाही पाठ आहे. जपानी कंपन्यांनी तेव्हा आपसात एक मर्यादा पाळली होती, म्हणून तिथे या इंजिनाची जाहीर ताकद २८० अश्वशक्ती होती, अमेरिकेत ३२०. पण याचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक इतका दणकट निघाला, की जगभरच्या कारागिरांनी तोच ब्लॉक ठेवून हजार अश्वशक्तीच्या पुढे मजल मारली. ‘ब्लॉक काही होत नाही’ ही त्याची ख्याती. ऐकणाऱ्याला वाटतं, मोठा टर्बो लावला की झालं.

ज्यांनी हे काम केलं, त्यांचा अनुभव वेगळा आहे. ब्लॉक टिकतो, पण हेडला हात लावावाच लागतो. आधी स्प्रिंगा बदलाव्या लागतात, कारण मूळच्या स्प्रिंगा कंपनीनं ६८०० फेऱ्यांच्या आणि मूळच्या दाबाच्या हिशेबानं दिलेल्या असतात. स्प्रिंगवरची टोपी टायटॅनियमची घेतात, म्हणजे स्प्रिंगला परत ओढायचं वजन कमी होतं. या इंजिनात झडपेचं अंतर जुळवणारी एक छोटी चकती, शिम, बादलीसारख्या भागाच्या डोक्यावर ठेवलेली असते. उंच कॅम आणि जास्त फेरे यांच्या माऱ्यात ती चकती उडून जाऊ शकते, आणि मग आत जो धुमाकूळ होतो तो विचारू नका. म्हणून चकती बादलीच्या खाली बसेल, किंवा लागणारच नाही, अशी रचना करतात. हेडचे बोल्ट काढून जास्त ताण सोसणारे स्टड घालतात. गॅस्केट पोलादाच्या अनेक पापुद्र्यांचं घेतात. झडपांचे गाइड आणि सीट नव्यानं बसवतात.

मग पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा घासून सुधारतात. इथे लोकांचा एक समज असतो : टर्बो हवा कोंबतोच आहे, मग वाट सुधारून काय करायचं? पण मीटरवर दिसणारा दाब म्हणजे दारात खोळंबलेली हवा. एसटी स्टँडवर गर्दी दिसते ती गाडीत न चढलेल्या माणसांची. वाट सोपी केली, की तेवढीच हवा कमी दाबात आत जाते. दाब कमी म्हणजे हवा कमी तापते, टर्बोला कमी राबावं लागतं, आणि मागे धूर कमी तुंबतो. चांगलं हेड सगळ्यांचंच ओझं हलकं करतं.

स्प्रिंग बदलायची म्हणजे सगळ्यात कडक आणून बसवायची, असंही नाही. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅमचे उंचवटे खाते, सीट ठोकून खोल करते, घर्षण वाढवते. ती पुरती दबल्यावर वेटोळ्याला वेटोळं भिडलं, तर काहीतरी तुटणारच. म्हणून जाणता कारागीर स्प्रिंग किती उंचीवर बसणार ते मोजतो, खाली पातळ चकत्या घालून सगळ्या स्प्रिंगा सारख्या करतो, मिटलेल्या आणि पूर्ण उघडलेल्या अवस्थेतला जोर यंत्रावर तपासतो. पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून इंजिन हातानं फिरवतो, मातीवर उमटलेला ठसा कापून झडप आणि पिस्टन यांच्यातलं अंतर पाहतो. या कामाला घाई चालत नाही.

स्प्रिंगचा हा प्रश्न जगातल्या सगळ्यात श्रीमंत कारखान्यांनाही सुटलेला नव्हता. १९५४ मध्ये मर्सिडीजनं शर्यतीच्या गाडीत झडप मिटवायलाही दुसरा कॅम दिला, स्प्रिंगचा भरवसाच काढून टाकला. इटलीच्या डुकाटीनं ती पद्धत मोटरसायकलीत जपली. टर्बोचा मोठा खेळ मात्र रेनॉनं मांडला. १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला त्यांची दीड लिटरची टर्बो गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरली. ती इतक्या वेळा वाफा सोडत बंद पडायची, की लोक तिला पिवळी किटली म्हणू लागले. १९७९ मध्ये दिजाँला रेनॉची टर्बो गाडी जिंकली. पुढच्या काही वर्षांत दीड लिटरची इंजिनं सराव फेऱ्यांत हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेली. आणखी ताकदीसाठी फेरे वाढवायचे होते, पण तारेची स्प्रिंग आडवी येत होती.

मग १९८६ मध्ये रेनॉनं तारच काढली. ज्याँ-पिएर बूदी या अभियंत्याच्या कल्पनेनुसार स्प्रिंगच्या जागी कोंडलेला वायू आला. झडप उघडली की वायू दबतो. कॅम सरला की तो झडपेला परत ढकलतो. वायूला वजन जवळजवळ नाही, त्यामुळे वेटोळ्यांतून धावणारी ती लाटही नाही. हे इंजिन लोटसच्या गाडीत होतं आणि चालवणारा होता आयर्टन सेना. त्या मोसमात आठ शर्यतींत तो सगळ्यांत पुढच्या जागेवरून निघाला. १९८८ नंतर फॉर्म्युला वनमधून टर्बोवर बंदी आली आणि २०१४ मध्ये तो नव्या रूपात परतला. पण वायूची स्प्रिंग मधल्या काळातही राहिली, आणि तिच्याच जोरावर २००६ मध्ये इंजिनं मिनिटाला २० हजार फेऱ्यांपर्यंत पोचली. ताकदीचा एवढा मोठा इतिहास, आणि त्याची किल्ली झडप मिटण्यात!

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे शर्यतीला जायचंय? मग घाटात चला. डिझेलचे फेरे कमी असतात, तिथे झडप तरंगण्याची भीती थोडी. पण ट्रकला आणि बसला एक्झॉस्ट ब्रेक असतो. उतारावर चालक तो लावतो, तेव्हा धुराच्या नळीतली एक झडप बंद होते. धूर तुंबतो, इंजिन गुदमरतं आणि गाडीला मागे ओढतं. त्यामुळे चाकांचे ब्रेक तापत नाहीत. या वेळी तुंबलेला सगळा दाब एक्झॉस्ट झडपांच्या पाठीवर येतो. स्प्रिंग मवाळ असेल तर झडप सीटवरून उचलली जाते आणि आपटते. अमेरिकेत कमिन्सच्या ५.९ लिटरच्या जुन्या १२ झडपांच्या डिझेल इंजिनांना एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, तर आधी एक्झॉस्टच्या स्प्रिंगा जास्त जोराच्या घालाव्यात, हा तिथल्या पिकअपवाल्यांचा नेहमीचा धडा आहे. घाट उतरणाऱ्या गाडीत चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतात. त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नसतं, की आपला जीव काही अंशी त्या स्प्रिंगांवर टांगलेला आहे.

भावाच्या गॅरेजमध्ये हल्ली एक प्रसंग वरचेवर घडतो. विशी-बाविशीतला मुलगा टर्बो डिझेल घेऊन येतो. म्हणतो, “चाचा, मॅप टाकून घेतलाय, पन्नास घोडे वाढलेत. फक्त जरा टकटक येतेय वरून.” भाऊ बॉनेटवर हात ठेवून ऐकतो आणि म्हणतो, “बेटा, घोडे वाढवलेस, लगाम कुठाय?” मुलाला वाटतं, म्हातारा बिल वाढवतोय. भाऊ हेड उतरवल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. एखादा मुलगा थांबतो, एखादा रागानं निघून जातो. जाणाऱ्याची मला काळजी वाटते. कारण मॅप टाकायला अर्धा तास लागतो, लॅपटॉप लावला की झालं. हेड उतरवून नीट बांधायला दिवस जातात. अर्ध्या तासाच्या कामाला लोक आनंदानं पैसे मोजतात आणि दिवसांच्या कामाला घासाघीस करतात. त्यामुळे हेडचं काम जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. जुन्या मिस्त्र्यांच्या युक्त्या साध्या होत्या, पण पक्क्या होत्या. पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि झडपेच्या कडेनं झिरपतं का पाहायचं. जुनी आणि नवी स्प्रिंग टोकाला टोक लावून वाइसमध्ये आवळायच्या. जी जास्त दबली ती थकलेली. हे कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही.

एक गोष्ट कायद्याचीही सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा हजार घोड्यांचे प्रयोग करायचे ते शर्यतीच्या बंद मैदानावर. कोइमतूरला, चेन्नईजवळ तशी मैदानं आहेत. गावातला रस्ता ही त्याची जागा नाही. तिथे आपल्या गाडीपुढे कुणाची तरी सायकल असते, कुणाची शाळा सुटलेली असते.

रस्त्यावरच्या टर्बो गाडीसाठी मला एवढंच सांगायचं आहे. तेल वेळेवर बदला, कारण टर्बो आणि कॅम दोघंही त्याच तेलावर जगतात. जास्त फेऱ्यांवर गाडी अडखळू लागली, वरून टकटक आली, पाणी आपोआप कमी होऊ लागलं, तर गाडी दामटू नका. हेड उतरवायची वेळ आली, तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू नका. हेडची सपाटी पट्टी लावून पाहायला सांगा, झडपा बसतात का ते पाहायला सांगा, स्प्रिंगा तपासायला सांगा. थकलेली दिसली तर सगळा संच बदला. एकूण खर्चात स्प्रिंगांचा भाग लहान असतो, पण त्यांच्यावाचून बाकीचा खर्च वाया जातो.

ताकद वाईट नाही, श्रोतेहो. माणसानं डोंगर चढायला, माल वाहायला, शर्यत जिंकायला ती कमावली आहे. पण आत घेतलेला जोर ज्याला वेळेवर कोंडता येतो, त्यालाच तो कामाला लावता येतो. बाकीच्यांचा जोर त्यांच्याच घराच्या भिंती फोडून बाहेर पडतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं, की गाडीची ताकद वाढवून देतो, तर किती वाढवणार हे मागाहून विचारा. आधी विचारा, झडप मिटवणार कशानं? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असेल, त्याच्याच हातात गाडीची किल्ली द्या.